उशिरा येणारा आवाज

गेल्या शनिवारी मी माझ्या आजीला यूजर एरर ठरवलं. आठवडा झाला तरी ते डोक्यातून जात नाहीये, म्हणून हे लिहितोय.

तर झालं असं. आजी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी पंधरा दिवस पुण्यात आमच्याकडे आली होती. वय ८२, गाव साताऱ्याकडचं. तिला जात्यावरच्या ओव्या येतात. येतात म्हणजे किती, ते तिलाही माहीत नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव फिरून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, हे मी वाचलं होतं. तेव्हापासून मनात होतं की आपल्या घरातल्या तरी आपण राहू द्याव्यात. सोमवारी ती गावी परतणार होती. हातात फक्त शनिवार आणि रविवार.

माझा स्टुडिओ म्हणजे आमच्या टू बीएचकेमधली मागची खोली. कपड्यांचं कपाट उघडं ठेवायचं, दारावर रजई टांगायची, झाला स्टुडिओ! दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस, एक कंडेन्सर माईक, लॅपटॉपवर रीपर आणि एक बंद कपांचा हेडफोन.

आता एकटी बाई गाणार, तर हेडफोन कशाला? कारण आजीने आधीच सांगून टाकलं होतं, "जात्याबिगर ओवी तोंडात येत न्हाय." जात्यावर बसलं की ओवी सुचते, ही म्हण उगाच नाही पडली. सुदैवाने गेल्या दिवाळीत गावी गेलो होतो तेव्हा जात्याची घरघर मी मोबाईलवर दहा मिनिटं रेकॉर्ड केली होती. ती हेडफोनमध्ये लावायची, म्हणजे आजीला जातं ऐकू येईल पण माईकमध्ये शिरणार नाही. आयडिया झकास होती.

सकाळीच सगळं टेस्ट केलं. "हॅलो, चेक, वन टू." एकदम ओके.

आजी बसली. हेडफोन लावल्यावर हसली. जातं ऐकून हात आपोआप खुंटा धरल्यासारखा फिरायला लागला. पण उकडत होतं, म्हणून पंखा लावावा लागला. पंख्याचा आवाज माईकमध्ये यायला लागला, म्हणून मी ट्रॅकवर नॉइज काढणारं प्लगइन टाकलं. त्यामुळे लॅपटॉप कडकड करायला लागला, म्हणून बफर १२८ वरून १०२४ केला. कडकड थांबली. मी खूश.

आजीने पहिली ओवी सुरू केली आणि दुसऱ्या ओळीत अडखळली. पुन्हा सुरू केली, पुन्हा अडखळली. लय संथ होत होत थांबायचीच. म्हणाली, "बाळा, माझ्या मागनं कुनीतरी वढतंय रं. उजवीकडनं जास्ती."

आता आजीचा उजवा कान थोडा मंद आहे, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. मी म्हणालो, "अगं, तुझा तो कान जरा कमी ऐकतो ना, म्हणून तसं वाटतंय." तिकीट क्लोज!

तरी समाधानासाठी हेडफोन बदलला, वायर बदलली, लॅपटॉप रीस्टार्ट केला, ड्रायव्हर पुन्हा टाकला. सगळं एकदम. ऑफिसात ज्युनिअरला मीच सांगतो की एका वेळी एकच गोष्ट बदल. असो. शेवटी आजीने हेडफोन काढून मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "ऱ्हाऊ दे बाळा. तुझ्या मशीनला काय झालं न्हाय. मीच इसरली." आणि उठून आईला शेंगा सोलू लागायला गेली.

रात्री अकराला झोप येईना. कान मंद झाला की आवाज कमी येतो. उशिरा कसा येईल?

उठलो, आजीच्या जागेवर बसलो, हेडफोन लावला आणि "हॅलो चेक" न करता एक लांब सूर लावून गायलो. दुसऱ्या ओळीला मीपण अडखळलो.

मंडळी, हेडफोनमध्ये आपला आवाज दोन वाटांनी येऊ शकतो. एक वाट डायरेक्ट मॉनिटरची. माईकचा आवाज इंटरफेसमधूनच परस्पर हेडफोनला जातो, उशीर जवळजवळ शून्य. दुसरी वाट लॅपटॉपमधून जाऊन परत येण्याची. माझ्याकडे दोन्ही चालू होत्या! त्यात डायरेक्टचं बटण स्टीरिओवर होतं, म्हणजे पहिल्या इनपुटचा आवाज फक्त डाव्या कानात. लॅपटॉपवाला मात्र दोन्ही कानांत. म्हणजे डावीकडे आधी खरा आवाज आणि मग त्याची सावली, उजवीकडे नुसतीच सावली. आजी अक्षरशः हेच सांगत होती. यापेक्षा नेमका बग रिपोर्ट मला आजवर कुठल्या टेस्टरने दिलेला नाही.

मग हिशोब मांडला. बफर १०२४ सॅम्पलचा, जाताना एकदा आणि येताना एकदा, म्हणजे २०४८. प्लगइन स्वतः ४०९६ सॅम्पल घेत होतं. एकूण ६१४४. सेकंदाला ४८,००० सॅम्पलच्या हिशोबाने झाले १२८ मिलीसेकंद. हवेत आवाज एवढ्या वेळात साधारण ४४ मीटर जातो. म्हणजे आजीचा आवाज ४४ मीटर लांब उभा राहून तिच्याच कानात ओरडत होता. बर्नार्ड ली नावाच्या अमेरिकन संशोधकाने १९५० सालीच दाखवून दिलं होतं, की स्वतःचं बोलणं सेकंदाच्या अंशाने उशिरा ऐकवलं तर धडधाकट माणूसही चाचरतो. आजी विसरली नव्हती. मी तिला विसरायला लावत होतो.

आणि टेस्टमध्ये हे का नाही सापडलं? कारण प्लगइन आणि बफर मी टेस्टनंतर बदलले. प्रॉडक्शनवर, यूजर समोर बसलेला असताना.

रविवारी सकाळी ऊन चढायच्या आत, पंखा बंद ठेवून, आजीला पुन्हा बसवलं. लॅपटॉपवाली वाट बंद. नॉइज नंतरही काढता येतो, त्यासाठी गाताना प्लगइन लागत नाही. डायरेक्ट मोनोवर केला. उशीर गेला, पण आजीचं तोंड वाकडंच. "ही माझ्यावानी बोलनारी बाई कोन?" तेही बरोबर होतं. आपला आवाज आपण नेहमी हवेतून आणि हाडांतून असा दोन्हीकडून ऐकतो, माईकमधून येणारा आवाज परका वाटतोच. मग डायरेक्टही बंद केला. डावा कप तिच्या कानावरून मागे सरकवला, म्हणजे चांगला कान मोकळा, तिचा आवाज तिला खोलीतूनच ऐकू येईल. जात्याचा आवाज पूर्ण उजव्या बाजूला नेला आणि जरा वाढवला. म्हातारपणी आधी जातात ते बारीक, उंच आवाज. जात्याची जाडसर घरघर त्या मंद कानालाही नीट पोचते.

आजीने डोळे मिटले. हात फिरायला लागला.

एक तास दहा मिनिटं. मोजल्या तर ६४ ओव्या भरल्या. मधल्या कितीतरी आईनेही कधी ऐकल्या नव्हत्या. ती दारातल्या रजईआड उभी राहून ऐकत होती. एका ओवीत आजीच्या गेलेल्या भावाचं नाव आलं, तिथे आवाज थोडा हलला. तो मी एडिट करणार नाही.

संपल्यावर मी म्हणालो, "आजी, काल तुझं काहीच चुकलं नव्हतं. मशीनच चुकत होती. म्हणजे मीच."

ती म्हणाली, "मी सांगत व्हतेच की."

सोमवारी तिला स्वारगेटला एसटीत बसवून आलो. ऑफिसात पोचलो तर एक जुनं तिकीट समोर आलं, मीच "यूजर एरर" लिहून बंद केलेलं. परत उघडलं.