मुक्ता, पोस्टर लावून पळू नकोस

पुणे, 8 सप्टेंबर 2021

प्रिय मुक्ता,

येत्या सोमवारी, 13 तारखेला, युरोप्लॅनेट सायन्स काँग्रेस ही ग्रहविज्ञानाची परिषद ऑनलाइन सुरू होते आहे आणि नेमकं त्याच दिवशी तुमच्याकडे गौरीपूजन आहे. तुझ्या आईला या योगायोगाचं मुळीच कौतुक नाही, हे तिच्या आवाजावरूनच कळलं. तुला मात्र आयतं निमित्त मिळालंय. "पोस्टर अपलोड केलंय, व्याख्यानं ऐकेन, पण ते सोशल-बिशल आणि नेटवर्किंग नको गं आत्या, घरात पाहुणे आहेत." पाहुणे बिचारे तुला कशाला अडवतील? पडद्यावरच्या चौकटीत बसून अनोळखी माणसांशी इंग्रजीत हसायचं तुझ्या जिवावर आलंय, एवढंच. फोनवर तुझ्याशी वाद घालून उपयोग नसतो, म्हणून लिहिते. तुझ्यासारखी मुलं इतर ठिकाणीही आहेत, तेव्हा हे पत्र चारचौघांत वाचलं गेलं तरी माझी हरकत नाही.

आधी तू अभ्यासतेस त्या दगडांचीच गोष्ट सांगते. दख्खनच्या लाव्ह्याने डायनासोर संपवले की आकाशातून आलेल्या धोंड्याने, हा वाद तू पहिल्या वर्षापासून ऐकते आहेस. त्या धोंड्याचं विवर सापडायला किती उशीर झाला आणि का, हे मात्र अभ्यासक्रमात नसतं. 1978 मध्ये ग्लेन पेनफिल्ड हा भूभौतिकतज्ज्ञ मेक्सिकोच्या पेमेक्स या तेल कंपनीसाठी युकातानजवळच्या समुद्राचं चुंबकीय सर्वेक्षण करत होता. नोंदींमध्ये त्याला एक भलीमोठी कमान दिसली. जमिनीवरच्या जुन्या गुरुत्व-नकाशाशी ती जुळवली तर पूर्ण वर्तुळ झालं, सुमारे 180 किलोमीटर व्यासाचं. 1981 मध्ये पेनफिल्ड आणि अँतोनियो कामार्गो यांनी हे लॉस एंजेलिसच्या एका भूभौतिक परिषदेत मांडलं. पण ज्यांनी ते ऐकायला हवं होतं, ते उल्काघातांचे अभ्यासक त्याच सुमारास यूटामधल्या स्नोबर्डला आपल्या वेगळ्या परिषदेत बसले होते. तिथे चर्चा कसली, तर उल्काघातांची आणि डायनासोरांच्या अंताचीच. ज्यांच्याकडे उत्तर होतं ते एका सभागृहात, ज्यांच्याकडे प्रश्न होता ते दुसऱ्या.

पुढची नऊ वर्षं हा धागा जुळलाच नाही. ॲलन हिल्डेब्रँड नावाचा पीएच.डी.चा विद्यार्थी कॅरिबियन परिसरात विवर शोधत हिंडत होता. 1990 मध्ये ह्यूस्टनच्या वर्तमानपत्राचा वार्ताहर कार्लोस बायर्स त्याला बोलता बोलता म्हणाला, अरे, त्या पेनफिल्डने असं काहीतरी पूर्वीच सांगितलंय. बायर्सने 1981 सालीच त्याची बातमी केली होती. मग हिल्डेब्रँडने पेनफिल्डला गाठलं, जुन्या तेलविहिरींचे नमुने मिळवले आणि 1991 मध्ये चिक्सुलुब या विवराचा शोधनिबंध आला. एका वार्ताहराच्या गप्पांनी विवर शोधलं असं मी म्हणत नाही, विवर मोजमापांनीच सिद्ध झालं. पण मोजमापं करणाऱ्या माणसांची गाठ गप्पांनी घालून दिली. तुझ्या प्रयोगशाळेतल्या लोकांना जे माहीत आहे ते बहुतेक तुलाही माहीत असतं. नवं कळतं ते लांबच्या, अर्धवट ओळखीच्या माणसाकडून.

आता पडद्याचं. समोरासमोरच्या परिषदेत ही अर्धवट ओळख आपोआप व्हायची. ह्यूस्टनजवळच्या द वूडलँड्सला चंद्र आणि ग्रहविज्ञानाची परिषद भरते. तिथे मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी पोस्टरं लागायची. हातात ग्लास घेतलेली माणसं रांगांमधून रेंगाळायची, कुणाच्या तरी पोस्टरवर अडखळायची आणि चुकीच्याच माणसाशी अर्धा तास बोलून बसायची. मला स्वतःला तिथे व्याख्यानांपेक्षा या चुकामुकीतून अधिक मिळालं. ऑनलाइन परिषदेत दिलेल्या दुव्यावर गेलं की माणूस बरोबर हव्या त्याच खोलीत पोचतो, वाटेत कुणी भेटत नाही. मार्च 2020 मध्ये द वूडलँड्सची परिषद महामारीमुळे ऐनवेळी रद्द झाली आणि यंदा ती पूर्णपणे ऑनलाइन भरली. गेल्या वर्षी ग्रानादाला व्हायची तुझी ही युरोपीय परिषदही पडद्यावर आली आणि तीन आठवडे चालली. हरवलेली वाट कृत्रिमरीत्या बांधायची खटपट या दीड वर्षात बऱ्याच संयोजकांनी केली. तिलाच तू सोशल-बिशल म्हणतेस.

त्यातलं सगळं चांगलं नाही, हे कबूल. झूममध्ये यजमान बटण दाबतो आणि पाच-सहा अनोळखी माणसं एका ब्रेकआउट रूममध्ये जाऊन पडतात. पहिली दोन मिनिटं जो तो दुसऱ्याच्या बोलण्याची वाट बघतो, मग हवामानाची चौकशी होते, आणि जरा कुठे गाडी रुळावर येते तोवर वेळ संपल्याची पाटी झळकते. सोशल सत्रांतलं क्विझ तर मला सहनच होत नाही. प्रश्न एखाद्या अमेरिकी विनोदी मालिकेवरचे असले की आपण, जपानी आणि पोलिश मुलं नुसती माना डोलावतो. क्विझ चुकवलंस तर मी काही म्हणणार नाही. ते संपल्यावर मागे रेंगाळणारी चार माणसं मात्र चुकवू नकोस. खरं बोलणं तिथे होतं.

गॅदर टाऊन ही भेटींची ऑनलाइन जागा मात्र मला मनापासून आवडली. जुन्या व्हिडिओ गेमसारखा नकाशा असतो. त्यावर तुझी एक ठिपक्यांची बाहुली असते आणि ती बाणांच्या कळांनी चालवायची. कुणाच्या जवळ गेलीस की त्याचा चेहरा आणि आवाज उघडतो, लांब गेलीस की विरतो. आपल्याकडच्या हळदीकुंकवासारखंच आहे हे: दारातून आत शिरायचं, या घोळक्यात दोन शब्द, त्या घोळक्यात चार, कुणी फारच लांबण लावली तर ओटी सावरत पुढे सरकायचं आणि कुणाला वाईट वाटत नाही. झूममधून असं निसटता येत नाही. तिथे 'लीव्ह' दाबणं म्हणजे भरल्या पानावरून उठणं. तेव्हा जिथे नकाशा असेल तिथे आधी जा. एक सांगते, एकाच संस्थेची मुलं नकाशावरही एकाच टेबलाभोवती बसलेली दिसतील. त्यांच्याकडे न जाता एकट्या उभ्या असलेल्या बाहुलीकडे जा. ती तुझ्याइतकीच अवघडलेली असते.

बोलायचं काय, हा तुझा दुसरा प्रश्न. यंदा विषयांना तोटा नाही. नासाच्या पर्सिव्हिअरन्स रोव्हरने 6 ऑगस्टला मंगळावर पहिलं भोक पाडलं आणि नळी रिकामी निघाली, दगडाचा भुगा झाला. आता 'रोशेट' नावाच्या दगडाचा नमुना नळीत आल्याचं परवाच नासाने पक्कं केलं. जूनमध्ये नासाने शुक्रासाठी दोन मोहिमा निवडल्या, दाविंची आणि व्हेरिटास. त्यानंतर आठवड्याभराने युरोपनेही शुक्रासाठी एन्व्हिजन जाहीर केली. त्यामुळे शुक्राची मंडळी सध्या कुणाशीही बोलायला तयार आहेत. गेल्या सप्टेंबरमध्ये शुक्रावर फॉस्फीन सापडल्याची बातमी आली, त्याचं भांडण अजून मिटलेलं नाही, आणि भांडणासारखं ओळख करून देणारं दुसरं काही नसतं. इस्रोनेही काल-परवाच चांद्रयान-2 च्या दोन वर्षांनिमित्त कार्यशाळा घेतली. त्यातला विक्रम लँडर कोसळल्याबद्दल कुणी सहानुभूती दाखवली, तर ऑर्बिटर चंद्राभोवती फिरतो आहे आणि त्यावरची उपकरणं माहिती पाठवत आहेत, हे सांग आणि थेट त्या माहितीबद्दल बोलायला लाग.

आणि तुझ्याकडे लोणारचं उल्काविवर आहे, हे तू कशी विसरतेस? आपल्याला ते बुलढाण्याला जाताना सहलीत बघायचं तळं वाटतं. या लोकांसाठी ते जवळजवळ तीर्थक्षेत्र आहे. चंद्रावरचे काळे सपाट प्रदेश बेसॉल्टचे आहेत, मंगळाचा मोठा भागही बेसॉल्टचा. आणि बेसॉल्टमध्ये पडलेली, इतकी चांगली टिकलेली विवरं पृथ्वीवर बोटांवर मोजण्याइतकीही नाहीत. लोणार जेमतेम 1.8 किलोमीटर रुंद, पण चंद्रावरच्या छोट्या विवराजवळ चालत जायचं असेल तर या पृथ्वीवर तेच गाठावं लागतं. गेल्या वर्षी जूनमध्ये त्याचं पाणी गुलाबी झालं तेव्हा ती बातमी जगभर फिरली. त्याच्या वयाचं कोडंही तुझ्या हाताशी आहे. एका पद्धतीने सुमारे 52 हजार वर्षं येतात, आर्गॉनच्या पद्धतीने सुमारे 5 लाख 70 हजार. 'मी लोणारवर काम करते' एवढं म्हण. समोरच्याने दगडांचा विषय सोडून जेवणाचा काढला, तर माझं नाव बदल.

इंग्रजीचं दडपण घेऊ नकोस. या परिषदेत इटालियन, स्पॅनिश, फिनिश, फ्रेंच अशी मंडळी भरलेली असतात. त्यातल्या बहुतेकांची इंग्रजी शिकूनच आलेली असते आणि तेही अडखळतात. बोलायला धीर होत नसेल तर लिही. स्लॅकवर किंवा चॅटच्या खिडकीत नेमका प्रश्न टाकणारी मुलगी लोकांच्या लक्षात राहते. उत्तर द्यायला समोरच्यालाही उसंत मिळते. सभागृहात हात वर करून माइकची वाट बघणाऱ्या लाजऱ्या माणसाला ही सोय कधीच नव्हती.

तू म्हणशील, हे सगळं खऱ्या भेटीची बरोबरी करतं का? नाही करत. पण खरी भेट कुणाच्या नशिबात होती ते बघ. व्हिसाच्या रांगेत अर्ज अडकून परिषद संपल्यावर पासपोर्ट परत आलेली मुलं मी पाहिली आहेत. विमानाचं तिकीट, हॉटेल, नोंदणी यांचा हिशेब मांडला की बहुतेक विद्यापीठांतला विद्यार्थी पहिल्याच ओळीत गळतो. शिवाय 2019 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला अमेरिकन जिओफिजिकल युनियनच्या सभेला सुमारे 28 हजार लोक आले. जाऊन-येऊन त्यांचा प्रवास 28.5 कोटी किलोमीटर झाला, म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतराच्या जवळजवळ दुप्पट. त्यातून साधारण 80 हजार टन कार्बन डायऑक्साइडइतकं उत्सर्जन झालं. ग्रहांच्या हवामानाचा अभ्यास करणाऱ्यांनी आपल्या ग्रहावर हे करत राहावं, हे मला तरी पटत नाही. तेव्हा पडद्यावरच्या भेटी महामारीबरोबर संपतील असं समजू नकोस. या भेटींत वावरायला शिकणं हाही आता आपल्या कामाचाच भाग आहे.

या निमित्ताने संयोजकांनाही दोन शब्द, कुणी वाचत असेल तर. युरोपची दुपारची एकची वेळ आम्हाला साडेचारला पडते, ते सोयीचं आहे. टेक्सासमध्ये संध्याकाळी सहाला पोस्टर सत्र ठेवलंत तर आमच्याकडे दुसऱ्या दिवसाची पहाटे साडेचार होते. व्याख्यान मागाहून ध्वनिचित्रफितीत बघता येतं, गप्पा येत नाहीत. म्हणून निदान एक सोशल सत्र तरी आशियाच्या जागत्या वेळेत ठेवा. आणि क्विझमध्ये एखादा प्रश्न तरी लोणारवर विचारा.

मुक्ता, शेवटचं आणि सगळ्यात कामाचं. ज्याच्याशी बोलशील त्याला त्याच दिवशी चार ओळींची मेल कर: कुठे भेटलो, काय बोललो, तुझ्या पोस्टरचा दुवा. द वूडलँड्सला हातात दिलेलं कार्ड खिशात राहायचं. इथे चॅट बंद झाली की नावही जातं. आईला मी समजावते. पूजा, नैवेद्य, सवाष्णी हे सगळं दुपारपर्यंत आटपतं आणि साडेचारला तू मोकळी होऊ शकतेस. कॅमेरा चालू ठेव, मागे पाहुणे दिसले तर दिसू देत. पहिल्या दिवशी एकाच अनोळखी माणसाशी बोल, जास्त नको. आणि मंगळवारी गौरी बोळवून झाल्या की त्याचं नाव आणि तो कशावर काम करतो, हे मला कळव.

तुझी,
आत्या