पंगतीत शेजारी

कोल्हापूर कौतुकाला हात आखडत नाही. कुस्ती मारून आलेल्या पैलवानाला हे गाव खांद्यावर घेतं आणि फेटा बांधल्याशिवाय पाहुण्याला स्टेजवरून उतरू देत नाही. त्यामुळे समलिंगी, पारलिंगी, तृतीयपंथी माणसांनी या शहरासाठी केलेल्या कामाचा जाहीर सत्कार करायचा आणि मग सगळ्यांनी एका पंगतीत जेवायचं, असं आम्ही मित्रमंडळींनी ठरवलं तेव्हा मला ते गावाच्या स्वभावाला धरूनच वाटलं. सत्काराला कोणी हरकत घेतली नाही. लोक अडखळले ते जेवणाशी. “शाल-श्रीफळ द्या की, पंगत कशाला?” असं चांगल्या चांगल्या माणसांनी विचारलं.

माझ्या लेखी मात्र पंगतच महत्त्वाची. सौंदत्तीची यात्रा करून देवीचे जग, म्हणजे डोक्यावरून न्यायच्या तिच्या मूर्ती, परत आले की ओढ्यावरच्या रेणुकेच्या देवळात आंबिल यात्रा भरते. हिरवं लुगडं, गळ्यात कवड्यांची माळ, डोक्यावर जग घेतलेला, देवीला सोडलेला जोगता आला की गर्दी वाट करून देते, बायका वाकतात, कपाळी भंडारा लावून घेतात. आईचं बोट धरून मीही पाया पडले आहे. घरोघरच्या डब्यांतून आंबिल, वरणं-वांगं, भाकरी, कांद्याची पात निघते. जोगत्याच्या परडीत लोक आवर्जून वाढतात. पण आपल्या ताटाशेजारी त्याचं ताट मांडलेलं मी पाहिलेलं नाही. पाया पडताना नजर खाली असते. शेजारी जेवायला बसलं की ती वर करावी लागते, मीठ मागावं लागतं, घरचं कोण कसं आहे ते विचारावं लागतं.

राजन गवसांनी ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’मध्ये जोगते-जोगतिणींचं दुःख लिहिलं, त्यावरून 2009 साली ‘जोगवा’ चित्रपट आला. त्यातला जोगता तायप्पा उभा करणाऱ्या उपेंद्र लिमयेंना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, याचा मला आजही आनंद आहे. खऱ्या तायप्पाच्या नावाचं मानपत्र मात्र मी कुठल्या भिंतीवर पाहिलं नव्हतं.

शेजारी बसण्याची ताकद या गावाला नवी नाही. तेव्हा अस्पृश्य मानलेल्या जातीतल्या गंगाराम कांबळ्यांनी भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल काढलं, तेव्हा शाहू महाराज तिथं गाडी थांबवून चहा पीत आणि सोबतच्या मानकऱ्यांनाही पाजत. 1902 साली सरकारी नोकरीतल्या 50 टक्के जागा मागासांसाठी राखणाऱ्या राजाला हुकमाची किंमत ठाऊक होती, तरी तो त्या कपापाशी थांबला. आपल्या काळातही हुकूम निघालेच आहेत. 2014 साली सर्वोच्च न्यायालयानं तृतीयपंथीयांची ओळख मान्य केली आणि 6 सप्टेंबर 2018 ला समलिंगी नात्यावरचा गुन्ह्याचा शिक्का पुसला. कपापाशी थांबणं आपल्या वाट्याचं आहे.

तयारीत पहिला प्रश्न नावांचा आला. 2019 च्या कायद्यानं जिल्हाधिकाऱ्यांकडून ओळखीचं प्रमाणपत्र मिळतं, पण ते अनेकांच्या हातात नाही. आमच्या मानपत्राला कुठलाच दाखला लागणार नाही. जे नाव माणूस आपलं म्हणून सांगेल तेच छापायचं. काहींनी सत्कार घेतो पण फोटो नको म्हटलं. घरी कळलेलं नाही. त्यांच्यासाठी आम्ही पत्रकारांना जेवायला बोलावलंय, पण कॅमेरे बाहेर ठेवून. मग वाराचा प्रश्न: मंगळवार-शुक्रवार देवीचे, त्या दिवशी मटणाचा तांबडा-पांढरा रस्सा चालायचा नाही. रविवार ठरला. बसायचं जमिनीवर, खास पाहुण्यांचं वेगळं टेबल नाही.

मानपत्र कोणाच्या हस्ते द्यायचं यावर वाद झाला. कोणी पुढाऱ्यांची नावं सुचवली. माझं म्हणणं होतं, ज्यांच्यासाठी काम झालं त्यांनीच द्यावं. एचआयव्हीच्या गोळ्यांसाठी जिला कोणीतरी दर महिन्याला हात धरून दवाखान्यात नेलं, त्या बाईनं. जिची फी कोणीतरी गुपचूप भरली, त्या मुलीनं. ते मान्य झालं.

सत्कार घेणाऱ्यांत एक तरुण आहे, रात्रपाळीत रुग्णांची सेवा करणारा. त्याच्या आईनं विचारलं, “मी आले तर कुठं बसू?” तिचं पान त्याच्या जोडीदाराच्या पानाशेजारी मांडायचं ठरलंय, आणि हे आम्ही तिला सांगितलंय. वडील येणार नाही म्हणतात. त्यांच्या नावाची पत्रिका वेगळी दिली आहे, आणि परवा मी पुन्हा त्यांच्या घरी जाणार आहे.