टाकलेल्यांची कैफियत

जपानी लोककथांतली भुतं पाहून घाबरावं की हसावं, हेच कळत नाही. एका पायावर उड्या मारणारी एकडोळी छत्री, रात्री लांबत जाणारी बाईची मान, न्हाणीघरातला मळ चाटणारा आकानामे. तोरियामा सेकिएन या चित्रकाराने १७७६ मध्ये अशा भुताखेतांचा सचित्र संग्रहच छापला आणि शहरी वाचकांनी तो मिटक्या मारत पाहिला असणार.

मला मात्र छळतात ती त्सुकुमोगामी, घरातल्या जुन्या वस्तूंची झालेली भुतं. मुरोमाची काळातल्या एका चित्रगुंडाळीत त्यांची सबंध कथा आहे. वस्तू शंभर वर्षांची झाली की तिच्यात जीव येतो आणि ती माणसांना नाडते, अशी तेव्हाची समजूत. म्हणून लोक शहाणपणा करत: शंभरी भरायच्या आत, वर्षाअखेरच्या साफसफाईत जुनं सामान रस्त्यावर फेकून देत. कथेतल्या वस्तू तिथेच जमतात आणि गाऱ्हाणं मांडतात. जन्मभर राबलो, आणि बक्षीस काय, तर गुराघोड्यांच्या लाथा! एक जपमाळ त्यांना राग सोडायला सांगते. तिच्या वाट्याला मार येतो. पुढे सेत्सुबुनच्या रात्री, म्हणजे हिवाळा सरतानाच्या सणाला, त्या रूप पालटतात. कुणी राक्षस होतो, कुणी कोल्हा. माणसं आणि गुरंढोरं मारून खातात, दारू पितात, जुगार खेळतात, कविता करतात, देऊळ उभारून मिरवणूकही काढतात. भुतं झाली तरी सवयी जुन्या मालकांच्याच!

या कथेची खरी मेख त्या खबरदारीत आहे. वस्तूत जीव येऊ नये म्हणून ती टाकली, आणि टाकली म्हणूनच ती सूड घ्यायला उठली. घराच्या कोपऱ्यात राहू दिली असती, तर कदाचित तिने शंभरी निमूटपणे ओलांडलीही असती. म्हणजे तिच्या अंगावरची शिंगं आणि सुळे हे वयाचे नव्हेत, अपमानाचे आहेत.

शेवटी बौद्ध मंत्रसामर्थ्यापुढे भुतं हरतात, पण मारली जात नाहीत. ती त्याच मार खाल्लेल्या जपमाळेला शरण जातात, शिंगोन पंथाची दीक्षा घेतात आणि बुद्धत्वाला पोचतात. पंथाचा प्रचार त्यात उघड आहे. तरीही निर्जीव वस्तूलाही मुक्तीचा हक्क आहे, असं ठामपणे सांगणारा प्रचार मला आवडतो. जपानमध्ये आजही ८ फेब्रुवारीला, काही ठिकाणी ८ डिसेंबरला, मोडलेल्या सुया मऊ तोफूत खोचून त्यांचे आभार मानतात. कडक कापडातून आयुष्यभर घुसणाऱ्या सुईला अखेरीस तरी मऊ जागा मिळावी, हा त्यामागचा भाव.

छत्रीला जीव असतो यावर माझा विश्वास नाही. पण हक्क पदरात पडायच्या ऐन आधी दारात उभं केलं जाणं हा अनुभव वस्तूंपुरता नाही. नोकरी पक्की व्हायच्या बेतात असताना घरी पाठवलेले कामगार आपण पाहिले आहेत, आणि त्यांच्या रागाला बेशिस्त म्हणणारेही. ही गुंडाळी रंगवणाऱ्याने निदान त्या रागाचं कारण आधी सांगितलं, सुळे नंतर रंगवले.