पडद्यावरचा पटवारी

डोळे तपासणाऱ्या या यंत्राचं कागदोपत्री नाव ओसीटी. मी त्याला पटवारी म्हणतो. रायपुरात राहून दुसरं काही सुचत नाही. जमीन मोजायची, नोंद करायची आणि चहापाण्याशिवाय चकार शब्द काढायचा नाही. हा तर चहाही घेत नाही.

त्याची जमीन म्हणजे डोळ्याचा पडदा. जाडी जेमतेम पाव मिलिमीटर, त्यात दहा थर. जरीब नाही, न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश. कुठल्या थरावरून तो कसा परततो यावरून हा मायक्रॉनमध्ये माप लिहितो. 1991मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या मंडळींनी त्याला जगापुढे आणलं. चाकरी लागली ती काचबिंदू आणि मधुमेहाच्या खात्यात. मग त्याच्या जुन्या दप्तरातून भलतंच निघालं. लंडनच्या मूरफिल्ड्स नेत्ररुग्णालयातल्या दीड लाखाहून अधिक रुग्णांच्या नोंदी संशोधकांनी चाळल्या, जोडीला यूके बायोबँकेचं दप्तर. 2023मध्ये छापून आलं: पार्किन्सन्सच्या रुग्णांत पडद्याचे आतले थर पातळ, आणि ज्यांना तो पुढे झाला त्यांच्यात ही खूण निदानाच्या सरासरी सात वर्षं आधीच. या आतल्या थरांत डोपामिन बनवणाऱ्या पेशी असतात. मेंदूत जे आटतं, तेच इथंही आटत असावं.

पण पटवारी तो पटवारी. बांध कोरलाय एवढं लिहील. कोणी कोरला, ते नाही. काचबिंदू थर पातळ करतो, मधुमेह करतो, वयही करतं. हजारोंच्या गर्दीत दिसणारा फरक एकट्याच्या कागदावर ठरत नाही, म्हणून नुसत्या या मापावरून डॉक्टर कोणाला पार्किन्सन्स सांगत नाहीत. त्याचं हे मौन मला आवडतं.

तात्यापाऱ्यातल्या आमच्या काकांना साखर आहे; वर्षातून एकदा ते याच्यापुढे बसतात. याचा हट्ट एकच, आणि तो मशीनवरची पोरगी बोलून दाखवते: "ठुड्डी टिकाइए बाबूजी, हिलिए मत." यंदा काकांचा उजवा हात मांडीवर आपला आपण गोळ्या वळत होता. याला त्याचं काय? हनुवटी स्थिर होती. कागद निघाला तो सगळा हिरवागार, म्हणजे मापं ठीक.

बाहेर काकांनी फॉर्मवर सही केली. फाइल माझ्याच हातात होती, सहज मागचे फॉर्म चाळले. चार वर्षांपूर्वीची सही चौकटीबाहेर गेलेली, शेवटच्या अक्षराला झोकदार शेपूट. यंदाची मुंगीएवढी, आणि शेवटाकडे आणखी बारीक.