अलाबामाच्या किनाऱ्यावरचे मनुष्यकृत खडक

अमेरिकेंतील अलाबामा संस्थानाच्या वांट्याला मेक्सिकोच्या आखाताचा किनारा आला आहे तो अवघा पन्नासएक मैलांचा. पांढऱ्या शुभ्र वाळूचा हा किनारा दिसण्यांत रमणीय खरा. पण तीच वाळू समुद्राच्या तळाशीं मैलोगणती पसरलेली आहे, आणि माशाला दडावयास तेथें ना खडक, ना कपार. हौसेनें गळ टाकून बसणाऱ्याला असला तळ म्हणजे ओसाड माळच!

ऑरेंज बीच येथील भाड्यानें होड्या चालविणाऱ्यांनीं १९५३ सालीं यावर एक अजब तोड काढली. मोटारींचे २५० सांगाडे त्यांनीं समुद्रांत बुडविले. अशा पत्र्यावर शेवाळ व शिंपले धरतात, त्यांच्या आशेनें लहान मासे येतात आणि लहानांच्या मागोमाग मोठे. आपल्याकडील तांबोशीच्या कुळांतला तांबडा ‘स्नॅपर’ तर असल्या आडोशाचा मोठा लोभी. परंतु मोटारीचा पत्रा खाऱ्या पाण्यांत कांहीं वर्षांतच गंजून विरतो. म्हणून पुढें १९७४-७५ मध्यें महायुद्धकालीन पांच ‘लिबर्टी’ मालवाहू जहाजें, आणि १९९४ च्या सुमारास शंभरेक निकामी रणगाडेहि तळाला धाडण्यांत आले. रणगाड्याला याहून निरुपद्रवी नोकरी मिळाल्याचें आमच्या तरी ऐकिवांत नाहीं. ठरवून दिलेल्या क्षेत्रांत परवाना काढून खासगी गृहस्थालाहि स्वतःचा खडक उभारतां येतो. त्याचा ठावठिकाणा मग तो पुरलेल्या धनासारखा जपतो.

एक शंका मात्र शास्त्रज्ञांना सोडीत नाहीं. या खडकांमुळें मासे वाढतात, कीं असलेलेच एके ठिकाणीं गोळा होतात? नुसते गोळा होत असतील, तर ही वसाहत नव्हे, सापळा आहे. आणि गळांची संख्या बेसुमार झाली, तर वाढलेल्यांचाहि निभाव लागणें कठीण.

शिवाय, टाकाऊ वस्तु समुद्रांत लोटून तिला ‘खडक’ हें सोज्ज्वळ नांव देण्याचा मोह लहान नाहीं. फ्लॉरिडांत फोर्ट लॉडरडेलजवळ १९७२ च्या सुमारास सुमारे २० लाख जुने टायर मोळ्या बांधून सोडण्यांत आले. बंद तुटले, टायर सुटे झाले आणि वादळी लाटांबरोबर शेजारच्या खऱ्याखुऱ्या प्रवाळावर घासूं लागले. नवें कांहीं रुजलें नाहींच. होतें तें मोडलें. २००७ पासून सैन्याच्या पाणबुड्यांना ते वर काढण्याच्या कामीं लावावें लागलें. अलाबामांत आतां प्रत्येक वस्तु बुडविण्यापूर्वीं तपासून घ्यावी लागते, आणि मोटारींची जागा बहुतेक ठिकाणीं काँक्रीटच्या पोकळ, निमुळत्या मनोऱ्यांनीं घेतली आहे.