साडीगार्ड

'कॅफे रेसर' या शब्दातला कॅफे आपल्या ओळखीचा नव्हे. पुण्या-मुंबईत कॅफे म्हटलं की इराणी हॉटेल डोळ्यांपुढे येतं: संगमरवरी टेबल, बन-मस्का, बशीत ओतलेला चहा. तिथं निवांत बसायचं असतं. इंग्लंडमधला हा कॅफे म्हणजे हमरस्त्यावरचं ट्रकवाल्यांचं चहा-नाश्त्याचं ठिकाण, आपल्या धाब्याच्या जास्त जवळचं. लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रोडवरचा 'एस कॅफे' त्यांतला सर्वांत प्रसिद्ध. 1938 साली सुरू झालेला, युद्धातल्या बॉम्बने उद्ध्वस्त झालेला, 1949 साली पुन्हा बांधलेला. पन्नास आणि साठच्या दशकांत तिथं रात्री तरुण मुलं मोटरसायकली घेऊन जमत. खिशात पैसे बेताचे. शर्यतीची गाडी परवडणारी नव्हती, म्हणून रोज कामावर नेण्याच्या गाडीतूनच ती घडवायची. वेगाला जे उपयोगी नाही ते काढून टाकायचं. हॅण्डल खाली आणायचं, फूटरेस्ट मागे न्यायचे, म्हणजे स्वार टाकीवर ओणवा होतो आणि वारा छातीवर कमी घेतो. सीट एकट्यापुरती, मागे उंचवटा असलेली. काही जण नॉर्टनच्या चासीत ट्रायम्फचं इंजिन बसवत आणि त्या संकराला 'ट्रायटन' म्हणत. ध्येय एकच: ताशी शंभर मैल. ज्यूकबॉक्समध्ये नाणं टाकायचं आणि गाणं संपायच्या आत ठरलेल्या ठिकाणी जाऊन परत यायचं, अशी आख्यायिका आजही सांगितली जाते.

हे सगळं मला माझ्या भाच्यामुळे वाचावं लागलं. त्याला त्याच्या आजोबांच्या, म्हणजे माझ्या बाबांच्या गाडीची कॅफे रेसर करायची होती.

बाबांची गाडी हिरो होंडा सीडी 100. 1989 साली घेतलेली. 97.2 सीसीचं फोर-स्ट्रोक इंजिन, सिलिंडर जवळजवळ आडवा झोपलेला, ताकद सात-साडेसात अश्वशक्तीची. ही गाडी 1985 साली बाजारात आली तेव्हा तिची जाहिरात वेगाबद्दल काही बोलतच नव्हती. टाकी भरा, झाकण लावा आणि विसरून जा, असा तिचा एकूण सांगावा होता. मध्यमवर्गीय घरांनी तो मनावर घेतला. आमच्या घरी टाकीवर मी, मध्ये बाबा, मागे आई आणि तिच्या मांडीवर दादा, असे आम्ही चौघे त्या गाडीवरून लग्नांना गेलो, दवाखान्यात गेलो. गॅसची टाकी तिच्यावरून आली. मी एम.ए.ला असताना ग्रंथालयातून आणलेले ब्रेख्त आणि लोर्का तिच्याच कॅरियरला बांधलेले असत. बाबा गेल्यावर ती सहा वर्षं पार्किंगमध्ये चादरीखाली उभी होती. भंगारवाला भाव सांगून गेला होता आणि दादाने होकार देण्याचं जवळजवळ ठरवलं होतं.

अशा वेळी भाचा एक कागद घेऊन आला. 'काय काढायचं' अशी यादी होती. लांब सीट. कॅरियर. लेगगार्ड. मागचं धरायचं हॅण्डल. मागचे फूटरेस्ट. चेनकव्हर. आणि साडीगार्ड.

यादी वाचायची मला सवय आहे. अनुवादात काय वगळलंय हे पाहिलं की अनुवादकाने मूळ कसं वाचलं ते कळतं. या यादीतल्या बहुतेक वस्तू गाडीच्या नव्हत्याच, त्या मागे बसणाऱ्या माणसाच्या होत्या. सीटचा मागचा अर्धा भाग, धरायचं हॅण्डल, पाय ठेवायची पट्टी, डाव्या बाजूची ती जाळी. एका बाजूला पाय सोडून बसलेल्या बाईचा एक साचाच काढला तर तो नेमका या वस्तूंचा होईल. यादीतली प्रत्येक ओळ आईला गाडीवरून खाली उतरवत होती.

साडीगार्डबद्दल आपण कधी विचार करत नाही. चाकाच्या तारांत पदर जाऊ नये म्हणून लावलेली ती लोखंडी जाळी. मूळ जपानी रचनेत तिला काही कारण नव्हतं. इथं मात्र ती कायद्यातही आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 यांतला 123 वा नियम सांगतो की मोटरसायकलला मागच्या माणसासाठी धरायची कायमची सोय हवी, फूटरेस्ट हवा आणि मागच्या चाकाचा निम्म्याहून कमी नाही एवढा भाग झाकणारं संरक्षण हवं, म्हणजे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकणार नाहीत. नियमात साडी हा शब्द नाही, पण नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर साडीच असणार. म्हणजे आमची सीडी 100 ही काही मूळ संहिता नव्हती. जपानातून येताना तिचं एकदा रूपांतर होऊन गेलं होतं, आणि ते आपल्याकडच्या बायकांच्या बसण्याला धरून झालं होतं.

मराठीत अनुवाद, भाषांतर आणि रूपांतर हे तीन शब्द आपण निरनिराळ्या अर्थांनी वापरतो, आणि त्यांतला तिसरा आपल्या रंगभूमीला फार जवळचा आहे. देवलांनी 'ऑथेल्लो'चा 'झुंझारराव' केला तेव्हा नावं बदलली, पोशाख बदलले, मुलूख बदलला. संशय तेवढा जसाच्या तसा ठेवला, कारण तो काढला तर नाटकच उरत नाही. रूपांतर करणाऱ्याला हे एक आधी ठरवावं लागतं: काय काढलं तर उरत नाही?

भाच्याला मी हेच विचारलं. सात-साडेसात अश्वशक्तीची गाडी शंभर मैलांवर, म्हणजे ताशी 160 किलोमीटरवर जाणार नाही, तिच्या निम्म्याच्या थोडं वर जाईल. मग वेगासाठी घडलेला हा आकार इथं कशासाठी? पुण्यातल्या लक्ष्मी रस्त्यावर वाऱ्याला चुकवायची वेळ येतेच कुठे?

तो म्हणाला, "आत्या, मला वेग नकोच आहे. मला ती माझी वाटायला हवी. आत्ता मी बसलो की मी आबांची गाडी चालवतोय असं सगळ्यांना दिसतं."

आणि मग त्याने मला एक गोष्ट सांगितली, जी मला ठाऊक नव्हती. रॉयल एनफिल्डने 1964 साली इंग्लंडमध्ये कॉन्टिनेन्टल जीटी नावाची 250 सीसीची, कारखान्यातूनच कॅफे रेसर म्हणून बाहेर पडणारी गाडी काढली होती. पुढे इंग्लंडमधली कंपनी बंद पडली. 1955 पासून मद्रासेत बनणारी एनफिल्ड तेवढी चालू राहिली. 2013 साली त्याच नावाची नवी गाडी चेन्नईत तयार झाली. "म्हणजे हे आता फक्त इंग्रजांचं कुठं राहिलंय?" तो म्हणाला. तुलनात्मक साहित्याच्या वर्गात प्रभाव आणि स्वीकार यांवर मी पुष्कळ लिहिलं होतं. इतकं थोडक्यात मला जमलं नव्हतं.

नाना पेठेत दुचाकींच्या सुट्या भागांची दुकानं ओळीने आहेत. तिथल्याच एका गल्लीत भाच्याने मिस्त्री शोधले होते. साठीचे गृहस्थ, बोलणं कमी. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, सीट उचलून खाली पाहिलं आणि विचारलं, "कापायची का?"

कॅफे रेसर करणारे बहुतेक जण सीटखालून मागे जाणारी चासी कापतात. शेपूट आखूड होते, त्यावर वाकवलेला पाइप वेल्ड करतात, वर फायबरचा उंचवटा बसतो. गाडीचा सगळा डौल त्या एका कापण्यावर असतो. मी विचारलं, वेल्डिंग पक्कं असतं ना?

"जोड तुटत नाही, ताई," मिस्त्री म्हणाले. "जोडाच्या शेजारी तुटतं. उष्णतेनं तिथलं लोखंड बदललेलं असतं. वरून दिसत नाही."

शिवाय कायदा होता. मोटार वाहन कायद्याचं 52 वं कलम म्हणतं की उत्पादकाने मुळात ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाने गाडीत करू नये. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही एका निकालात हेच ठासून सांगितलं. मूळ कर्त्याशी इतकी निष्ठा आमच्या व्यवसायात कुणी कायद्याने मागत नाही. भाचा हिरमुसला. मी मात्र मनातून सुखावले होते, कारण 123 वा नियम आणि 52 वं कलम दोन्ही आईच्या बाजूने उभे होते.

संध्याकाळी ती यादी मी आईला दाखवली. ती मटार सोलत होती. तिला वाईट वाटेल म्हणून मी आधी बरीच प्रस्तावना केली. तिने चष्मा लावून यादी वाचली आणि म्हणाली, "साडीगार्ड काढतोय? काढू दे की. त्याच जाळीच्या टोकाला अडकून माझी नारायणपेठ फाटली होती."

मी म्हटलं, अगं, पण तुझी जागा आहे ती.

"जागा कसली?" ती म्हणाली. "एवढी वर्षं एका बाजूला पाय सोडून बसले. रस्त्याची डावी बाजू तेवढी पाठ झाली. समोर काय येतंय ते कधी दिसलं नाही. खड्डा आलेला मला यांच्या खांद्यावरून कळायचा. खांदा ताठ झाला की आपण घट्ट धरायचं." मग थोड्या वेळाने म्हणाली, "पाय दोन्हीकडे टाकून बसायचं होतं मला. तेव्हा बरं दिसत नव्हतं ते."

मी जिला मूळ संहिता समजून जपायला निघाले होते, तिचं त्या संहितेबद्दल स्वतःचं मत होतं, आणि ते कुणी कधी विचारलं नव्हतं. मी तरी कधी विचारणार? मी टाकीवर बसलेली. मला समोरचं सगळं दिसायचं.

पुढचे दोन महिने शनिवारी आम्ही नाना पेठेत जात होतो. चासी कापली नाही. मिस्त्रींनी मूळचंच हॅण्डल सोडवून उलटं लावलं, तेवढ्याने ते वीतभर खाली आलं. पण पूर्ण वळवलं की ते टाकीला टेकायला लागलं, मग त्याचा कोन बदलण्यात एक सकाळ गेली. क्लच आणि ब्रेकच्या केबली आता लांब पडत होत्या, त्या वेगळ्या वाटेने फिरवल्या. फूटरेस्ट मागे न्यायचा बेत किकपाशी अडला. मागे नेलेल्या फूटरेस्टवर किक आपटत होती, म्हणून फूटरेस्ट जागीच राहिले. सायलेन्सर मूळचा, आवाज मूळचा. रंगही तोच लाल ठेवला. सीट नवी केली, सपाट आणि सडपातळ, पण दोघांची. तिच्या मागच्या अर्ध्यावर बसेल असा फायबरचा उंचवटा मिस्त्रींनी केला, दोन बोल्टवर. तो लावला की गाडी एकट्याची, काढला की दोघांची. साडीगार्ड नियमासाठी राहिला. त्याचं वाकलेलं टोक मात्र मिस्त्रींनी घासून गोल केलं. ते काम यादीत नव्हतं. नारायणपेठेची गोष्ट त्यांना भाच्याने सांगितली होती.

जाणकाराला ही कॅफे रेसर वाटणार नाही. हॅण्डल आणि पाय एकमेकांशी जुळत नाहीत. अर्धा स्वार लंडनचा, अर्धा सदाशिव पेठेचा. भाच्याला ती स्वतःची वाटते. परवा सिग्नलला कुणी तरी 'ही कुठली गाडी' म्हणून विचारलं, हे तो दोन दिवस सांगत होता.

गाडी घरी आली त्या रविवारी आई पंजाबी ड्रेस घालून खाली उतरली. उंचवटा काढायला लावला, भाच्याच्या खांद्याला धरून पाय पलीकडे टाकला, आणि दोघं कोपऱ्यावरच्या गणपतीपर्यंत जाऊन आली. सीट फार कडक आहे, एवढंच म्हणाली.

काढलेलं सामान एका खोक्यात आहे: जुनी सीट, कॅरियर, लेगगार्ड. माळ्यावर जागा अडते म्हणून आई ते भंगारात द्यायला सांगते. मी अजून दिलेलं नाही.