दोन्ही हात सोडून

जर्सी सिटी,
ऑक्टोबरचा शेवटचा रविवार

प्रिय मिलिंद,

पत्र मिळालं. आधी मुद्द्याचं सांगतो: बास गिटार विकू नकोस. कार्यक्रम संपेपर्यंत डावा खांदा भरून येतो, मानेत कळ जाते, हे सगळं खरं. पण याच दुखण्याच्या मुळाशी गेलेला एक माणूस आहे. त्याची गोष्ट ऐक आणि मग ठरव.

त्याचं नाव नेड स्टाइनबर्गर. मूळचा फर्निचर घडवणारा. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात, माझ्या घरापासून नदीपलीकडे ब्रुकलिनमध्ये, तो एका सामाईक सुतारशाळेत काम करायचा. तिथेच स्टुअर्ट स्पेक्टर गिटारी बनवायचे. नेड काही बासवादक नव्हता. पण खुर्ची करणारा माणूस आधी बसणाऱ्याच्या पाठीचा विचार करतो, तसा त्यानं वाजवणाऱ्याच्या अंगाचा विचार केला. 1977 साली त्यानं स्पेक्टरसाठी आखलेली बास पोटाशी नीट बसेल अशी वळवलेली आहे, ती त्यामुळेच.

मग त्याचं लक्ष नेकच्या, म्हणजे गिटारीच्या दांड्याच्या, टोकाला असलेल्या डोक्याकडे गेलं. चार जड खुंट्या अंगापासून सगळ्यात लांब! त्या भारानं नेक खाली कलते आणि डावा हात सूर धरायचा सोडून तिलाच तोलत बसतो. नेडनं ते डोकंच काढून टाकलं आणि खुंट्या पार खालच्या टोकाला नेल्या. तारांना दोन्ही टोकांना मणी लावले: एक वर अडकवायचा, एक खाली.

दुसरं दुखणं सुरांचं. लाकडी नेक तारेबरोबर स्वतःही थरथरते आणि एखाद्या सुराला तारेचा जोर पिऊन टाकते. आपण ज्याला डेड स्पॉट म्हणतो, तो हाच. त्यासाठी नेक ताठ हवी. कॅलिफोर्नियात जेफ गूल्ड या अंतराळ उद्योगातल्या अभियंत्याला त्याआधीच कार्बन फायबरची नेक सुचली होती. नेडनं अख्खी बासच त्यातून घडवली. कार्बनचे आणि काचेचे धागे इपॉक्सीसह साच्यात बसवायचे. घट्ट झाल्यावर नेक आणि धड एकसंध. लाकडी नेक सरळ राहावी म्हणून आत धातूची सळई घालतात, इथे तीही लागली नाही.

धड म्हणजे जेमतेम एक चौकोनी पेटी. त्यामुळे लांबून ती होडीच्या वल्ह्यासारखी दिसते. पण मागे पट्टा अडकवायला फिरती पट्टी आहे आणि बसून वाजवताना मांडीवर टेकवायला उघडता येणारा आधार. खुर्ची करणाऱ्याचा हात दिसतो ना?

1980च्या सुमारास मोजक्या भागीदारांसह त्याची छोटी कंपनी उभी राहिली. एल-2 नावाच्या या बासला 1981 साली अमेरिकेतल्या औद्योगिक डिझाइनरांच्या संस्थेचं पारितोषिक मिळालं. टोनी लेविन, स्टिंग, गेडी ली यांनी ती वाजवली. दशक संपायच्या आत गिब्सननं कंपनी विकत घेतली. पण बिनडोक्याची बास तोवर जगभर पोहोचली होती.

गेल्या महिन्यात जुन्या वाद्यांच्या एका दुकानात मला एल-2 हाती घ्यायला मिळाली. पट्टा खांद्यावर घेतला आणि दोन्ही हात सोडून दिले. मिलिंद, ती हलली नाही! जिथे ठेवली तिथेच राहिली. वजन तसं आहेच तिला. पण ते योग्य जागी आहे. इतकी वर्षं आपण वाद्याला सावरणं हाही वादनाचाच भाग मानत आलो, हे त्या क्षणी कळलं.

म्हणून म्हणतो, घाई करू नकोस. आज संध्याकाळी तुझी बास गळ्यात घे, दोन्ही हात सोड आणि ती कुठे झुकते, कुठे रुतते ते नीट लिहून मला कळव. पट्ट्यापासून सुरुवात करू; नाहीच जमलं तर बिनडोक्याची एखादी शोधू. पण वाजवणं थांबवायचं नाही.

काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
अजित